अकरा नंबरचं हेल्मेट

हरायला आलेल्या माणसाशी लोक फार गोड वागतात. कुणी जास्तच हसून दार उघडलं की मी सावध होते. बावीस वर्षांच्या नोकरीनं मला एवढं एक शहाणपण दिलं आहे.

त्या शनिवारी व्हिटलॉ युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमच्या मागच्या दाराशी अशी हसणारी माणसं रांगेनं उभी होती. "या मॅडम, प्रवास कसा झाला? पिशवी द्या इकडे. गार पाणी घ्या." आमची बस नीट थांबायच्या आत सहा जण सामान उतरवायला धावले. आमच्या हार्लन बेंड कॉलेजात हे काम ड्रायव्हर, मी आणि ज्याचा गुडघा त्या दिवशी दुखत नसेल तो खेळाडू, असे तिघं करतो.

कोच पुर्व्हिस माझ्या मागून उतरला. "बघ गं ओडेट, किती मायेनं वागतात."

"माझा बापही डुक्कर कापायच्या आठवड्यात त्याला असाच मायेनं मका घालायचा," मी म्हणाले.

"आज तरी तोंड आवर."

"मी त्यांना कुठं काय म्हणाले? तुला म्हणाले."

तो हसला नाही. पुर्व्हिस हा देवभोळा माणूस. कधी शिवी देत नाही, पोरांवर हात उगारत नाही. पण सलग तीन वर्षं आम्ही हरत होतो, आणि त्याच्या डोळ्यांखाली त्या उन्हाळ्यात काळं आलं होतं.

दरवर्षी सप्टेंबरात आम्ही असे एकदा कुठल्यातरी बड्या घरी मार खायला जातो. त्यांना हंगामाच्या सुरुवातीला आपल्या लोकांसमोर एक हमखास विजय हवा असतो, आणि आम्हाला त्याबद्दल मिळणारा चेक. त्या चेकवर आमच्या मुलींचं व्हॉलीबॉल चालतं, पोहण्याच्या तलावात पाणी भरलं जातं आणि माझा पगार होतो. म्हणजे पोरांची हाडं मोडतात त्यावर मी जेवते, आणि मग तीच हाडं बांधायला बसते. हे मला कळत नाही असं नाही. कळतं, आणि तरी मी जाते.

मी अमेरिकन फुटबॉलच्या टीमची फिजिओ. हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन धावायचा तो खेळ. चौऱ्याऐंशी पोरं आणि मी एकटी. व्हिटलॉकडे अकरा फिजिओ होते, चार डॉक्टर होते आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली तळघरात डोक्याच्या आतला फोटो काढणारं यंत्र होतं. आमच्या अख्ख्या परगण्यात ते यंत्र नाही.

पाहुण्यांच्या खोलीत मी पायांना पट्ट्या बांधायचं टेबल लावत होते, तेवढ्यात एक ठेंगणा, गुलाबी चेहऱ्याचा म्हातारा हातगाडी ढकलत आत आला.

"बड टॅगर्ट. इथलं सामान मी बघतो. काय लागेल ते सांगायचं, मॅडम. पट्ट्या, टॉवेल, बूट, काहीही. लाजायचं नाही. चाळीस वर्षांत माझ्या मैदानावरून पाहुणा कधी रिकाम्या हातानं गेलेला नाही."

"आमच्याकडे सगळं आहे," मी म्हणाले.

नव्हतं. तो गेल्यावर पाहिलं, तर पट्ट्यांची दोन खोकी त्यानं गुपचूप माझ्या टेबलाखाली सरकवून ठेवली होती. सगळ्या टीमच्या सामानवाल्यांचा हा धर्मच असतो. पाहुण्याचं काही तुटलं, फुटलं, संपलं, तर यजमानानं द्यायचं, आणि विचारायचं नाही. मला राग आला आणि मी त्या पट्ट्या वापरल्या.

टेझ नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आला. कॉर्टेझ बॅटिस्ट, अकरा नंबर, वीस वर्षांचा. लांब फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलायचा, हे त्याचं काम. शाळेत असताना तो बुटका होता म्हणून एकाही मोठ्या कॉलेजनं त्याला विचारलं नाही. आमच्याकडे आला आणि पाच इंच वाढला. असं पोर आमच्या हाती लागतं ते चुकून, आणि लागलं तरी टिकत नाही. हंगाम संपला की खेळाडूला कॉलेज बदलता येतं. मग बडी मंडळी येतात आणि शेजारच्या कुंपणावरची फुलं तोडावीत तशी आमची पोरं घेऊन जातात. गेल्या वर्षी अशाच एका सामन्यात चमकलेले आमचे दोघं डिसेंबरात गेले. त्यातल्या एकाच्या आईनं त्याला तिथं मिळालेल्या पैशांतून नवं घर घेतलं. टेझची आई कोंबड्यांच्या कारखान्यात पंख काढायच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभी असते, हे मला ठाऊक होतं.

"डावा आधी, मिस ओडेट."

"माहीत आहे रे बाबा. दोन वर्षं तुझे पाय माझ्याच मांडीवर आहेत."

"आज जरा घट्ट बांधा. आज मी उडणार आहे."

"उडून कुठं जाणार?"

त्यानं बोट वर करून छताकडे दाखवलं. छताच्या वर ते भलंमोठं स्टेडियम होतं. "इथंच. यांचा कोच मघाशी दारात उभा होता. बोलला नाही, बोलायचं नाही असा नियम आहे ना. पण त्यानं माझ्या पायांकडे बघितलं."

"बूट फाटलेत म्हणून बघितलं असेल."

"तुम्ही पण ना!" तो खळखळून हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला घेतलं ना, तर तुम्हीपण चला. यांच्याकडे अकरा फिजिओ आहेत म्हणे. बारावी म्हणून ठेवतील."

"बारावी होऊन काय करू? कोचला वारा घालू?"

त्याच्या पोटरीवर चापट मारून मी त्याला उठवलं. हे पोर माझं लाडकं होतं, ते इथं सरळच सांगते. फिजिओला असा कुणी लाडका असू नये.

अकराला सामना सुरू झाला. वर ढगाचा ठिपका नाही, खाली गवत तापलेलं, आणि चारी बाजूंनी नव्वद हजार माणसं. त्यांच्या बाकांवर मोठमोठे पंखे पाण्याचे तुषार उडवत होते. आमचा बाक उन्हात होता. स्टेडियम बांधतानाच तो उन्हात येईल अशी काळजी घेतली असावी. पहिल्या दहा मिनिटांत दोन पोरं गोळे येऊन आडवी झाली. मी त्यांना लोणच्याच्या बरणीतलं आंबट पाणी पाजलं आणि पोटऱ्या चोळल्या.

व्हिटलॉची पोरं आमच्यापेक्षा दीडपट जड होती. ती आमच्या पोरांना पाडायची आणि मग हात देऊन उठवायची. "लागलं नाही ना भाऊ?" असं विचारायची. मला ते शिव्या देणाऱ्या टीमपेक्षा भयंकर वाटत होतं.

एकटा टेझ मात्र त्यांना सापडत नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात त्यानं तीन चेंडू झेलले. तिसऱ्याला नव्वद हजार माणसं एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत पुर्व्हिस स्वतःशीच "धाव, लेकरा, धाव" म्हणाला ते मला ऐकू आलं.

चौथ्या चेंडूला तो हवेत असताना त्यांचा एक गडी आडवा आला आणि त्याच्या हेल्मेटवर खांदा बसला. नियमात बसणारा धक्का होता, पंचानं शिट्टीही वाजवली नाही. टेझ पडला आणि लगेच उठला. फार लगेच उठला. ज्याला खरंच काही झालेलं नसतं तो आळस देत उठतो, गवत झटकतो, शिव्या देतो. टेझ ताडकन उठला, टाळी वाजवली आणि पुढच्या डावासाठी चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. आमच्याच एका पोरानं त्याला दंडाला धरून योग्य जागी आणलं.

मी पुर्व्हिसला ओरडून सांगितलं, "अकराला बाहेर काढ!"

ऑगस्टमध्ये, अंगात काही दुखत नसताना, मी प्रत्येकाची परीक्षा घेते. पाच शब्द सांगायचे, थोड्या वेळानं विचारायचे. महिने उलटे म्हणून घ्यायचे. डोळे मिटून एका पायावर उभं करायचं. टेझला ऑगस्टमध्ये पाचच्या पाच आले होते. आता त्याला बाकामागं नेऊन मी म्हणाले, "सुई, गालिचा, घोडा, पूल, साखर. आता महिने उलटे म्हण."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... सप्टेंबर... मिस ओडेट, कशाला हे? मी ठणठणीत आहे."

"शब्द सांग."

"सुई. घोडा." तो थांबला. "घोडा. तिसरा काय होता? तुम्ही फार भरभर बोललात."

"एका पायावर उभा राहा. डोळे मीट."

तीन मोजायच्या आत तो माझ्या अंगावर कलंडला. त्याचा घाम गार लागत होता.

"आजचा खेळ संपला तुझा," मी म्हणाले आणि त्याच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

हे काम कसं चालतं ते सांगायला हवं. डोक्याला मार लागलेला खेळाडू स्वतःहून कधी बसत नाही. फिजिओची पाठ वळली की तो आत पळतो. म्हणून आम्ही हेल्मेटच काढून घेतो आणि लपवतो. बिनहेल्मेटचा गडी पंच मैदानात येऊच देत नाहीत. हार्लन बेंडला ही रीत इतकी पक्की आहे की कुणी मला तोंडी विचारतही नाही. डोक्यावर हेल्मेट आहे म्हणजे ओडेटनं सोडलं, नाही म्हणजे नाही सोडलं. आमच्याकडे एका पोराला एकच हेल्मेट असतं. जास्तीची दोन आहेत, ती तडा गेलेली, आणि ती आम्ही आणलीही नव्हती. बावीस वर्षांत एकाही पोरानं मला चकवलेलं नाही. मी त्याचं हेल्मेट माझ्या लोखंडी पेटीत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि पेटीवर बसले.

पुर्व्हिस आला. "कसा आहे?"

"मेंदूला हादरा बसलाय. आज नाही, पुढच्या आठवड्यातही नाही."

तो मैदानाकडे बघत राहिला. गुणफलकावर आमचे तीन आणि त्यांचे चोवीस होते. "तुझा शब्द शेवटचा, ओडेट," तो म्हणाला, आणि गेला. मनापासून म्हणाला, की म्हणायचं म्हणून म्हणाला, ते मला कळलं नाही.

टेझ माझ्यासमोर गवतावर गुडघे टेकून बसला. "मिस ओडेट, ऐका ना. उरलेला वेळच द्या. नाहीतर पाचच मिनिटं. उद्या वाटलं तर मला महिनाभर बसवा."

"नाही."

"आजच बघतायत हो ते! पुढच्या आठवड्यात आपण कुणाशी खेळणार? त्या नर्सिंग कॉलेजशी. तिथं कोण येणार मला बघायला, गाई?"

"टेझ, नीट ऐक. आत सूज आलीय. त्याच्यावर दुसरा धक्का बसला, अगदी हलका बसला तरी, मेंदू कवटीत मावत नाही. मी हे पाहिलंय. तुझ्याहून तीन वर्षांनी लहान पोरगा होता. तो आजही जिवंत आहे. त्याची आई त्याला चमच्यानं भरवते."

तो रडायला लागला. एवढा मोठा पोरगा हुंदके देऊन रडला. मग नाक पुसून म्हणाला, "निदान जर्सी तरी अंगावर राहू द्या. टीव्हीवर आई बघतेय. मी आत जाऊन बसलो तर तिला वाटेल, काहीतरी मोठं झालंय."

मला त्याला आतल्या खोलीत पाठवायचं होतं, पण त्याच्याबरोबर बसायला माझ्याकडे माणूस नव्हतं. म्हणून मी जर्सी राहू दिली. डोक्यावर माझी टोपी घातली आणि त्याला बाकाच्या टोकाला, जिथं खांबाची वीतभर सावली होती, तिथं बसवलं.

मध्यंतरात त्यांचा मुख्य फिजिओ मैदान ओलांडून आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर खरी काळजी. "तुमच्या अकरा नंबरला लागलेलं मी पाहिलं. आमच्या डॉक्टरांकडे पाठवता का? खाली यंत्र आहे. वीस मिनिटांत कळेल. कुणीतरी त्याच्याजवळ बसेलही."

मी हो म्हणायला हवं होतं. पण सकाळच्या त्या पट्ट्या माझ्या मनात सलत होत्या, तो सूर्य डोक्यावर होता, आणि त्यांच्या त्या सगळ्या गोडव्याचा मला वीट आला होता. "मी बघतेय त्याच्याकडे," मी म्हणाले. "आम्हाला जमतं."

"अर्थातच," तो म्हणाला, आणि नम्रपणे परत गेला.

दुसऱ्या अर्ध्या भागात आमची पोरं एकामागून एक बाहेर येऊ लागली. एकाचं बोट उलटं वळलेलं, एकाला उलट्या, एकाची धाप बसत नव्हती. दर थोड्या वेळानं मी मान वळवून बघायची. टेझ टोपी खाली ओढून बसलेला असायचा. एकदा त्यानं अंगठा वर करून दाखवला. पेटीवरून मी उठले की एक पाय तिच्यावर ठेवून काम करायची, एवढी मी सावध होते. शेवटच्या भागात आमच्या सगळ्यात जाड पोराचा गुडघा गेला. त्याला मैदानातून ओढत आणायला चौघं लागले. तो माझा हात धरून आईला हाका मारत होता आणि मी त्याच्या पायाला फळ्या बांधत होते. गुणफलकावर सहा आणि एक्केचाळीस. सामना कधीच संपला होता, फक्त घड्याळ चालू होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांचा आवाज बदलला. मी वर पाहिलं.

आमचा अकरा नंबर मैदानात उभा होता.

पहिल्यांदा मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलंय. त्याच्या डोक्यावर पांढरंशुभ्र, कोरं, चकचकीत हेल्मेट होतं. आमची हेल्मेटंही पांढरीच, पण दर उन्हाळ्यात रंग मारून मारून ती जुन्या बेसिनसारखी झालेली. मी गळ्यातली किल्ली चाचपली. किल्ली होती. कुलूप उघडलं. आत टेझचं हेल्मेट होतं, तसंच, डाव्या बाजूला ओरखडा असलेलं. मी ते दोन्ही हातांत धरून उभी राहिले आणि मैदानात तो दुसरं घालून उभा होता.

"बाहेर काढा त्याला! अकरा! अकरा!" मी ओरडले. नव्वद हजार माणसांत माझा आवाज माझ्या पायाशी आडव्या पडलेल्या पोराखेरीज कुणालाही ऐकू गेला नाही.

चेंडू फेकला गेला. टेझ धावला. इतकं सुंदर धावताना मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. हे म्हणायची मला लाज वाटते, पण ते खरं आहे. दोघांना मागं टाकून त्यानं खांद्यावरून मागं बघत चेंडू झेलला. शेवटच्या रेषेवर त्यांच्या एका पोरानं मागून त्याला ढकललं. धक्का कसला, पाठीवर थाप मारावी तेवढंच. तो रेषेपलीकडे पडला, डोकं गवतावर एकदा आपटलं, आणि पंचाचे दोन्ही हात वर गेले. टचडाउन, आमचे सहा गुण.

प्रेक्षक उभे राहिले. त्यांच्याविरुद्ध गुण मिळवणाऱ्या पोरासाठी ते टाळ्या वाजवत होते. हरणाऱ्याचं कौतुक करायला त्यांच्याकडे भरपूर सवड होती.

मी पुर्व्हिसची बाही धरली. "कुणी सोडलं त्याला आत?"

त्याचे दोन्ही हात हवेत होते. चेहऱ्यावरचं हसू अजून उतरलं नव्हतं. "तू सोडलंस ना! त्यानंच सांगितलं. आणि डोक्यावर हेल्मेट होतं, ओडेट." मग त्याची नजर माझ्या हातातल्या हेल्मेटकडे गेली. त्याचा चेहरा पडला. त्याला खरंच फसवलं होतं, की त्याला फसायचंच होतं, हे मी आजवर त्याला विचारलेलं नाही.

मागून कुणीतरी हळूच खाकरलं. बड टॅगर्ट होता, हातगाडीसह. "मॅडम, काळजी नको. तुमच्या पोराच्या हेल्मेटला तडा गेला म्हणाला. आमच्याकडे पांढरी बरीच पडून असतात. वरचं आमचं चिन्ह सोलून टाकलं आणि दोन मिनिटांत त्याच्या मापाचं बसवून दिलं. एकदम नवीन आहे. सगळ्यात महागातलं." तो मनापासून हसला. "परत द्यायचं नाही हं. आमच्याकडून भेट."

मला त्या म्हाताऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण त्याची काय चूक होती? माझं कुलूप पेटीला नव्हतंच. आमच्याकडे दुसरं हेल्मेट नाही, हेच माझं कुलूप होतं. जिथं काही कमीच पडत नाही तिथं ते चालणार नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. त्याला हेल्मेट मिळूच शकत नाही, हे मी इतकी वर्षं धरून चालले होते, जसं आपण भिंत धरून चालतो.

प्रेक्षकांत हशा पिकला. सगळे मोठ्या पडद्याकडे बघत होते. मीही बघितलं.

टेझ उठून चालत निघाला होता. पण आमच्याकडे नाही. तो शांतपणे, सामना जिंकून घरी आल्यासारखा, पलीकडच्या बाजूला, व्हिटलॉच्या बाकांकडे गेला. त्यानं नवं हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि तुषार उडवणाऱ्या पंख्यासमोर त्यांच्या पोरांच्या मधे जाऊन बसला. त्यांच्या पोरांना वाटलं, मस्करी करतोय. एकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. दुसऱ्यानं पाण्याची बाटली दिली. "हा बघा, आत्ताच आला आपल्याकडे!" कुणीतरी ओरडलं असावं, कारण सगळा बाक हसला. सगळं स्टेडियम हसत होतं. पुर्व्हिससुद्धा अर्धवट हसला.

मी धावले. सामना थांबलेला असो नसो, मी मैदानाच्या मधोमध धावत सुटले. एक पंच शिट्टी वाजवत माझ्यामागं आला. पन्नास पावलांचं अंतर असेल. अर्ध्यावर मला दिसलं की त्यांचा इस्त्रीवाला मुख्य फिजिओही हसायचा थांबलाय, आणि हात वर करून डॉक्टरांना बोलावतोय. म्हणजे त्यालाही कळलं होतं.

मी टेझच्या समोर गुडघ्यांवर बसले आणि त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. पंख्याचं गार पाणी आमच्या दोघांवर पडत होतं. त्याची उजवी बाहुली टाचणीएवढी होती. डावी एवढी मोठी झाली होती, की डोळ्यात रंगच उरला नव्हता.

"टेझ. बाळा. माझ्याकडे बघ."

त्यानं बघितलं. फार शहाण्या मुलासारखं हसला. आईनं चांगलं वळण लावलेलं पोर होतं ते, अनोळखी बाईशी कसं बोलावं हे त्याला ठाऊक होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, मला वाईट वाटू नये अशा बेतानं, "तुम्ही चुकून इकडे आलात." मग हात उचलून त्यानं मैदानापलीकडे, उन्हात उभ्या असलेल्या आमच्या पोरांकडे बोट दाखवलं. "पाहुण्यांचा बाक तिकडे आहे."